रामदासचे डोळे ठणठणीत आहेत

नाशिक शहर, नाशिक रोड, देवळाली कॅम्प आणि पंचक्रोशीतील तमाम वाहनचालक, पादचारी, रस्त्याच्या मधोमध रवंथ करणाऱ्या गाई आणि उलट्या दिशेने येणारे सन्माननीय दुचाकीस्वार यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या सीटवर बसलेल्या बाईच्या पायाखाली एक स्वतंत्र ब्रेक असतो. ही बाब आजवर गुप्त ठेवण्यात आली होती. ती उघड केल्याने असंख्य सुजाण नागरिकांचा आत्मविश्वास ढासळणार आहे, याची प्रस्तुत लेखिकेला पूर्ण जाणीव आहे. तरीही जनहितार्थ हे जाहीर करणे भाग आहे: जेल रोडच्या सिग्नलला त्या दिवशी गाडी तुम्ही थांबवली नव्हती. मी थांबवली होती.

ती डाव्या सीटवरची बाई म्हणजे मी. नाशिक रोडला आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. सुरू केलं नवऱ्याने, पण तो शिकवताना ओरडायचा. शिकणारे घाबरून ब्रेकऐवजी हॉर्न दाबायचे आणि मी मागच्या सीटवरून त्यांना हसवायचे. हळूहळू गिऱ्हाइकांनीच आमच्या जागा बदलल्या. आता तो गाड्यांचं ऑइल-पाणी बघतो आणि मी माणसांचं. लग्नाआधी मी हौशी रंगभूमीवर बराच आरडाओरडा केला होता, तो अनुभव वाया गेला नाही. आमच्या धंद्यातली मुख्य कला अभिनयाचीच आहे. समोरून ट्रक येतोय, शिकणारा स्टिअरिंगकडे घरात साप निघाल्यासारखा बघतोय, आणि आपण मात्र खिडकीबाहेर मान करून विचारायचं, "मेथी काय भाव झाली हो?" पाय ब्रेकवर जाताना चेहऱ्याची रेष हलता कामा नये. गाडी आपणच थांबवली असं शिकणाऱ्याला वाटलं पाहिजे. तरच तो दुसऱ्या दिवशी येतो.

माणसं काय एकेक भेटली. एक गृहस्थ प्रत्येक देवळासमोर दोन्ही हात सोडून नमस्कार करायचे. दुसऱ्या एखाद्या गावात हे खपून गेलं असतं. नाशकात दर वळणावर देव उभा आहे. शेवटी मी नियम घातला की आधी गाडी थांबवायची, न्यूट्रल करायची, मग नमस्कार. पंचवटीतून जाताना आमच्यामागे वरात लागायची. एक सूनबाई सासूला 'भजनाला जाते' असं सांगून सकाळच्या बॅचला यायच्या. त्यांच्या सासूबाई माझ्याच दुपारच्या बॅचला होत्या. त्या घरी 'पायाला मालिश करून घ्यायला जाते' असं सांगून यायच्या. दोघींची गुपितं मी पोटात ठेवली आणि परीक्षेच्या दिवशी दोघींना आरटीओच्या मैदानावर एकाच झाडाखाली उभं केलं. एवढी मजा मला कुठल्याही नाटकाने दिली नाही.

पण या दिवाळीत मला सांगायचंय ते तिसऱ्याच प्रकारच्या गिऱ्हाइकांबद्दल. ही माणसं लायसन खिशात घेऊन येतात. त्यांना गाडी येते, उत्तम येते. एक अपघात झालेला असतो, आणि त्यानंतर त्यांना स्टिअरिंगला हात लावता येत नाही.

अशा माणसांसाठी आमच्या धंद्यात एक रामबाण नुस्खा सांगितला जातो. मैदानावरच्या कुठल्याही मास्तरला विचारा. "मॅडम, जिथे आपटला तिथेच डायरेक्ट न्यायचा. भीती मोडते." माणसाची भीती म्हणजे जणू बैलाची खोड.

शालिनीताईंना मी असंच नेलं असतं, पण त्या नेऊ देईनात. नाशिक रोडच्या एका सरकारी कचेरीत नोकरी, पन्नाशीच्या, जिभेने तिखट. उजवीकडे वळताना एका ट्रकने त्यांची गाडी दाबली होती. जीव वाचला, हाडं जुळली, गाडी रंगवून नवी झाली. शालिनीताई मात्र उजवीकडे वळेनाशा झाल्या. गाडी चालवायच्या, पण फक्त डावीकडे. कचेरीचं फाटक उजव्या हाताला. मग त्या पुढे जायच्या, डावीकडे, डावीकडे, आणखी एकदा डावीकडे, अशी सगळ्या कॉलनीला प्रदक्षिणा घालून फाटकासमोर सरळ यायच्या.

"तीन डावी म्हणजे एक उजवं," त्या मला म्हणाल्या. "भूमितीत बसतं."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"पेट्रोल भूमितीत बसत नाही."

मी एकदा फक्त उजवा इंडिकेटर लावला, तर त्यांचे हात बर्फासारखे गार पडले आणि त्या आईला हाका मारू लागल्या. त्यांची आई जाऊन कित्येक वर्षं झाली होती. मी इंडिकेटर बंद केला. दुसऱ्या दिवशीपासून त्या आल्या नाहीत. आल्या त्या बऱ्याच महिन्यांनी, स्वतः गाडी चालवत. माझ्या दारासमोर त्यांनी उजवीकडे वळण घेतलं, काच खाली केली आणि मला सांगितलं की त्या मनोविकारतज्ज्ञाकडे जात होत्या. कुजबुजत नव्हे. शेजारच्या चक्कीवर रांग होती, ती सगळी रांग ऐकेल असं.

त्यांच्या आजाराला नाव होतं. पीटीएसडी. भयंकर काही घडलं की त्याचा घाव मनावर राहून जातो, तो हा विकार. मला वाटायचं, हे सगळं देवळालीच्या तोफखान्यातल्या जवानांचं असतं, सीमेवरून परतलेल्यांचं. मी तसं बोललेही.

"मीही डॉक्टरबाईंना हेच म्हटलं," शालिनीताई म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, हा आजार युनिफॉर्म बघून येत नाही. अपघात संपला हे सगळ्या जगाला कळलंय, फक्त तुमच्या शरीराला कुणी कळवलेलं नाही."

हे वाक्य मी जपून ठेवलं. आमच्याकडे गाडी ठोकली की काय होतं पाहा. गाडीला विम्याचा सर्व्हेअर येतो, डेंटिंग होतं, पेंटिंग होतं, नारळ फुटतो, लिंबू-मिरची लागते. चालवणाऱ्याला चहा मिळतो आणि सोबत सल्ला मिळतो: विसरून जा, मन घट्ट कर. मन म्हणजे काय बरणीचं झाकण आहे?

रामदास आला तेव्हा पावसाळा ओसरत होता आणि दसरा तोंडावर होता. तिशी उलटलेला, काटक, पायात चिखलाच्या चपला. मखमलाबादच्या पुढे त्यांचा मळा, फुलं आणि भाजीपाला. मी विचारलं, "घर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला कशाला आलास बाबा?"

"तुमचं नाव ऐकलं, मॅडम."

धादांत खोटं. माझं नाव द्वारका चौकाच्या पलीकडे कुणालाही ठाऊक नाही.

"आधी गाडी चालवलीय कधी?"

"नाय ओ. सायकल फक्त."

असं म्हणून तो गाडीकडे गेला आणि जाता जाता त्याने मागच्या टायरला टाच मारली. सायकलवाला असं करत नाही. टाच मारून टायरची हवा बघणं ही माल भरून लांब जाणाऱ्यांची सवय. आत बसला आणि आधी आरसा नीट केला. नवशिका गिअरकडे बघत गिअर टाकतो, याचा डावा हात न बघता थेट मुठीवर गेला. मग त्याला आठवलं की आपल्याला गाडी येत नाही, आणि त्याने मुद्दाम क्लच सोडून इंजिन बंद पाडलं. वाईट अभिनय मी आयुष्यात पुष्कळ पाहिलाय, काही केलाही आहे. पण इतका वाईट नव्हता पाहिला. घाम मात्र खरा होता. मानेवरून धारा लागल्या होत्या.

मी त्याला गाडी पुन्हा सुरू करायला सांगितली. भूमिकेत शिरलेल्या माणसाला मध्येच थांबवायचं नसतं. तो आपणहून विंगेत येतो.

दसरा झाला. त्या दिवशी सगळ्या नाशकात गाड्या धुतात, पूजा करतात, झेंडूचे हार घालतात. आमच्या गाडीला तर नवऱ्याने असा हार घातला होता की मुंज तिचीच असावी. एक हार बाहेर बॉनेटवर, एक आत, समोरच्या काचेपाशी. दुसऱ्या दिवशी रामदास आला, दार उघडलं आणि तिथेच थबकला. मला वाटलं, मळेवाला माणूस, फुलांची पारख करतोय. तो बसला. काचा बंद, ऊन चढलेलं, गाडीत झेंडूचा वास कोंडलेला. जेल रोडला लागलो आणि त्याने एकदम दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून नाकातोंडावर दाबले. पाय ॲक्सिलरेटरवर तसाच.

मी ब्रेक दाबला. या खेपेला चेहरा हलला. उसाच्या रसाच्या गाड्याजवळ आम्ही थांबलो. रामदास दार उघडून उतरला, गटाराशी ओकला आणि दुभाजकावर जाऊन बसला. मी आतला हार काढून डिकीत टाकला आणि त्याच्या शेजारी बसले. येणारेजाणारे बघत होते. बघू देत. दुभाजकावर बसलेल्या बाईकडे लोक बघतातच.

तोंड पुसत तो म्हणाला, "मॅडम, मला गाडी येते."

"पहिल्या दिवसापासून माहितीय."

"मंग बोलल्या का नाय?"

"तू बोलला नाहीस म्हणून."

मग त्याने सांगितलं. तो पिकअप भरून झेंडू घेऊन पेठ रस्त्याने वलसाडकडे निघाला होता. भर दुपार. पेठच्या अलीकडच्या घाटात एका वळणावर मोटरसायकलवरचा पोरगा वेगात घसरत थेट समोर आला. रामदासने पिकअप डोंगराला घातली, पण उपयोग झाला नाही. क्रेट फुटले, सगळ्या रस्त्यावर झेंडू. त्या फुलांत बसून त्याने पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि ॲम्ब्युलन्सची वाट पाहिली. पोरगा शुद्धीवर होता. सारखा एकच विचारत होता, "गाडी लय तुटली का हो दादा? आबा मारतील." रामदास म्हणत होता, "नाय तुटली रे, नाय तुटली." तेवढ्यात पोराने मान टाकली.

पोलिसांनी लिहिलं, चूक रामदासची नाही. गावानेही तेच सांगितलं. चूक नाही म्हटल्यावर मग रडायचं कशाला, असा गावाचा हिशेब.

"तवापासनं झेंडू फुलला की मी मळ्यात जात नाय," तो म्हणाला. "वास आला की मी थितंच असतो, घाटात. आठवत नाय मॅडम, असतोच. कुकरची शिट्टी झाली तरी अंगावर येतं. बायकोवर हात उगारला मी एकदा, शिट्टीपायी. आन बरं वाटतं कवा, तर काहीच वाटत नाय तवा."

"आणि येत असलेली गाडी शिकायला का आलास?"

त्याने जे सांगितलं ते ऐकून माझी विनोदबुद्धी काही काळ रजेवर गेली. "वाटलं, अगदी पयल्यापासनं शिकलो, म्हंजे नवा मानूस झाल्यागत, तर जुनं पुसून जाईल."

रडावं की त्याला टपली मारावी, मला कळेना. मी शालिनीताईंना फोन लावला. त्या कचेरीतून अर्धी रजा टाकून आल्या, काचेतून रामदासला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मागे बस."

आम्हाला दोघांना घेऊन त्यांनी नाशिक रोडमधलं सापडेल ते प्रत्येक उजवं वळण घेतलं. गरज नसलेलीसुद्धा. वळताना धावतं समालोचन. "हे बघ. हे मला गोळ्यांनी दिलं. हे रडून मिळालं. हे बडबड करून. डॉक्टरबाई विचारतात, आपण सांगायचं, परत सांगायचं, कंटाळा येईस्तोवर सांगायचं. कंटाळा आला की अर्धी लढाई जिंकली."

"मी येडा नाय, ताई," रामदास मागून म्हणाला.

"मी वाटते?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. शालिनीताईंनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "बरोबर केलंस. अशा प्रश्नाला उत्तर देऊ नये. पण ऐक. लाज मलाही वाटायची. लाजेने आजवर कुणाची गाडी वळलेली नाही."

तो बायकोला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेला. मीही गेले, कारण मला बोलावलं नव्हतं. बायकोचं नाव सुनंदा. बाहेर बाकावर बसून ती मला म्हणाली, "मॅडम, मानूस घरात हाय, पन घरात नाय. भांडन झालं असतं तर मिटवलं असतं. हे कुनासंगं मिटवायचं?"

डॉक्टरबाईंनी काय केलं ते मी माझ्या अडाणी भाषेत सांगते. मोठा धक्का बसला की सगळेच काही दिवस हादरतात, ते साहजिक. पण महिना उलटून गेला तरी तेच दिसतंय, तेच ऐकू येतंय, माणूस त्या जागा, ते वास, ती माणसं टाळतोय, दचकतोय, चिडतोय, नाहीतर दगड झालाय, तर तो हट्ट नव्हे, नाटक नव्हे, भूतबाधा तर नव्हेच. त्याच्यावर इलाज आहे. काहींना गोळ्या लागतात, काहींना नाही. बोलणं मात्र लागतं, आणि तेही शिकलेल्या माणसासमोर, पारावर नव्हे. मग हळूहळू, ठरवून, जे टाळतोय त्याच्या जवळ जायचं. रामदासला आधी बंद गाडीत नुसतं बसायचं होतं. मग इंजिन सुरू. मग गल्ली. झेंडूचंही तसंच, आधी एक फूल, लांब ठेवलेलं. या तालमीच्या दिग्दर्शक डॉक्टरबाई होत्या, मी फक्त पडदा ओढणारी. त्या सांगतील तेवढंच मी डाव्या सीटवर बसून करायचे. मैदानावरच्या मास्तरांनी मला विचारलं, "एवढ्या नाजूकपणे शिकवता? कारखाना आहे का काचेचा?" मी म्हटलं, "हो. तुम्ही हातोडी घेऊन येऊ नका."

हिवाळा संपता संपता रामदास रिकामी पिकअप घेऊन मखमलाबादहून नाशिक रोडला आला. एकटा. उतरला आणि टायरला टाच मारली. मी आत जाऊन डोळे पुसले. नवऱ्याला सांगितलं, कांदा चिरतेय. ऑफिसात.

इथे नाटकात खलनायक येतो. रामदासचे वडील, आप्पा. खरं तर चांगला माणूस, मिशीला पीळ, सगळ्या मळ्यावर हुकूम. झालं असं की डॉक्टरबाईंचा दवाखाना गंगापूर रोडला, पहिल्या मजल्यावर, आणि खाली चष्म्याचं दुकान. गावातल्या कुणीतरी रामदासला त्या जिन्यापाशी पाहिलं आणि आप्पांना विचारलं. आप्पांनी क्षणात जाहीर केलं, "डोळे गेलेत पोराचे. इलाज चालू हाय."

गाव कामाला लागलं. कुणी गाजरं आणून दिली, कुणी शेवग्याचा पाला, कुणी तळपायाला लावायला गाईचं तूप. आप्पांना स्वतःच्या संवादाची इतकी गोडी लागली की त्यांनी रामदासला काळा गॉगल आणून दिला आणि तो घातल्याशिवाय मळ्याबाहेर पडायचं नाही, असं फर्मान काढलं. आता गंमत बघा. पोरगा गाडी चालवायला तयार झाला, तर गाव म्हणतं, आंधळ्याच्या हातात पिकअप कशी देता? डॉक्टरबाई सांगतायत माल भरून बाजारात जा, आणि इकडे बाजार त्याला हात धरून रस्ता ओलांडून देतोय.

तेवढ्यात रामदासच्या धाकट्या बहिणीला, मनीषाला, सिन्नरचं स्थळ सांगून आलं. आप्पांनी रामदासला हुकूम सोडला: सुपारी फुटेपर्यंत दवाखाना बंद, गाडी बंद. चौकशीला माणसं फिरतील, जिन्यावर दिसलास तर पोरीचं वाटोळं होईल. रामदासने ऐकलं. बहिणीचा प्रश्न होता. दोन-तीन आठवड्यांत सुनंदाचा फोन आला, "मॅडम, परत ओरडून उठायला लागले. मळ्यातनं परत पळून येत्यात."

मी तडक मखमलाबादला गेले. आप्पा गोठ्यापाशी बाजेवर बसले होते.

"आप्पा, ताप उतरायच्या आत औषध बंद करता का तुम्ही?"

"ताप दिसतो, मॅडम. ह्यो दिसत नाय. दिसत नाय त्याची लाज जास्त असती."

"लाज पोरापेक्षा मोठी आहे का?"

"मोठी नाय. पन पोरीएवढी हाय." मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तुमी गाडी शिकवा. घर आमी चालवतो."

इतका सुंदर टोला मला आयुष्यात कुणी मारला नव्हता. मी हरून परत आले. वाटेत मला पुष्कळ चांगली उत्तरं सुचली. ती सगळी मी स्टिअरिंगला ऐकवली.

पाहुणे यायच्या दिवशी मला आमंत्रण आलं. आप्पांकडून नव्हे, मनीषाकडून. मुलाकडच्यांची अट होती की मुलीला चारचाकी यायला हवी. मनीषा भावाच्या मागोमाग माझ्याकडे शिकली होती, त्यामुळे मी गेले ती चालतंबोलतं लायसन म्हणून. ओसरीवर सतरंजी, पोह्यांच्या बशा. मुलगा खाली मान घालून बसलेला, मनीषा ट्रे घेऊन उभी, सुनंदा उंबऱ्याच्या आत. आणि कोपऱ्यात गॉगल लावून रामदास. मुलाचे मामा सर्वज्ञ होते. पाऊस, खतं, राजकारण सगळं उरकून ते कोपऱ्याकडे वळले.

"धाकट्या पाव्हण्यांच्या डोळ्यांचं काय झालंय?"

"पडदा," आप्पा म्हणाले. "मागचा पडदा सरकला."

"दोन्ही?"

"एक पुरा. एक अर्धा."

मी पोह्यातली मिरची गिळली. रंगमंचावर इतक्या आत्मविश्वासाने बोललेला संवाद मी ऐकला नव्हता.

"आमच्या चुलतभावाचाच डोळ्यांचा दवाखाना हाय," मामा सरसावले. "उद्याच घेऊन या. काढा बरं गॉगल जरा. ही बोटं किती?"

मामांनी रामदासच्या तोंडासमोर बोटं धरली. आप्पांचा हात बशीवर थांबला. रामदासने गॉगल काढला, घडी घालून खिशात ठेवला. मानेवर घाम होता, पहिल्या दिवशीसारखाच खरा. त्याने बहिणीकडे बघितलं. मनीषाने मान अगदी थोडी हलवली. मी ती पाहिली, कारण मी सवयीने शिकणाऱ्यांच्या माना बघते.

"तीन," रामदास म्हणाला. "डोळे चांगले हायेत, मामा. घाटात अपघात झाला माझा, त्यात एक पोरगं गेलं. तवापासनं त्रास हाय. मी मनाच्या डॉक्टरकडं जात होतो. सोमवारपासनं परत जानार हाय."



"मनाच्या म्हंजे," मामांनी आवाज खाली आणला, "डोक्याच्या?"

"तेच."

मामांनी बशी सतरंजीवर ठेवली. "आप्पा, हे आधी सांगायला पायजे होतं. घरान्यात असलं काय असल तर आमाला इचार करावा लागंल."

पुढे काय झालं याची वाचकांना उत्सुकता असते, म्हणून ते आत्ताच सांगून मोकळी होते. ते स्थळ मोडलं. कुणी मेलं नाही. मनीषा सध्या आठवडी बाजाराला पिकअप नेते आणि त्या मुलाचा विषय निघाला की हसून गिअर बदलते. रामदास सोमवारी दवाखान्यात गेला, अजून जातो. पूर्ण बरा झाला असं म्हणणार नाही. त्या घाटातून तो अजून एकटा जात नाही. यंदा झेंडूची तोड मात्र त्याने स्वतः वाफ्यात उभं राहून केली, मध्ये दोनदा बाहेर येऊन बसला, परत आत गेला. गावात आता लोक त्याला डोळ्यांचं विचारत नाहीत, डॉक्टरबाईंचा पत्ता विचारतात. एकेकटे येतात, इकडेतिकडे बघत. येऊ देत. इकडेतिकडे बघत का होईना, या. जिना चढा. लोक काय म्हणतील? म्हणतील ते. लोकांनी आजवर कुणाचं वाईट स्वप्न त्याच्याऐवजी बघितलेलं नाही.

पण त्या दुपारी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. मामा उठायच्या तयारीत होते, मुलाची आई पदर सावरत होती, सुनंदाने उंबरा घट्ट धरला होता. आप्पा उभे राहिले. मला वाटलं, आता हे हात जोडणार, पोराला आत हाकलणार, आणखी एखादा पडदा सरकवणार. त्यांनी रामदासकडे पाहिलं. तो मान वर करून बसला होता, घामाने निथळत, पण बसला होता.  मग सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते मामांना म्हणाले:

"त्याच्या मांडीवर पोरगं मेलं ओ. तुमच्या मांडीवर मेलं असतं, तर तुमाला आज हे पोहे गिळवले असते का?"